हवाई बेटांतील रजई

प्रशांत महासागराच्या विशाल जलराशीत हवाई बेटे वसलेली आहेत. तेथील कित्येक घरांत आजीच्या हातची एक रजई जिवापाड जपलेली असते. तिच्यावर कोणी बसत नाही. शिवणारणीचे मनच त्या टाक्यांत उतरलेले असते, अशी तेथील जुन्या लोकांची श्रद्धा आहे.

पूर्वी या बेटांवर सुती कापड नव्हते. तुतीच्या कुळातील एका झाडाची आतली साल भिजवून व कुटून स्त्रिया 'कापा' नावाचे वस्त्र तयार करीत. त्याचे थर एकत्र शिवून पांघरूण होई. 1820 साली अमेरिकेतून ख्रिस्ती मिशनरी आले. त्यांच्या स्त्रियांनी तुकडे जोडून रजई शिवण्याची कला येथे आणली. परंतु नव्या, अखंड कापडाचे तुकडे करावे आणि तेच पुन्हा जोडावे, हे हवाईतील स्त्रियांना विचित्र वाटले, असे सांगतात. त्यांनी आपली निराळी रीत काढली.

ती रीत अशी : रंगीत कापडाच्या मोठ्या चौकोनाची आठपदरी घडी घालावयाची. तिच्यावर नक्षीचा केवळ आठवा हिस्सा आखून कात्रीने कापावयाचा. घडी उलगडताच मध्यापासून चहूकडे पसरलेली एकसंध नक्षी प्रकट होते! ती पांढऱ्या कापडावर शिवतात. खाली भरण व अस्तर घालून मध्यापासून कडेपर्यंत बारीक टाके घालतात. पाण्यात खडा टाकला असता तरंग उठावेत, तशा टाक्यांच्या ओळी नक्षीभोवती पसरत जातात. नक्षीत नीरफणस, अळू अशा ओळखीच्या झाडांची पानेफळे असतात. एक मोठी रजई पुरी होण्यास कित्येक महिने लागतात.

पूर्वी प्रत्येक नक्षी ही त्या त्या घराण्याची ठेव असे. दुसऱ्याची नक्षी न विचारता उचलणे म्हणजे चोरीच. आपल्या मागे रजया जाळून टाकाव्या, असेही काही स्त्रिया सांगून ठेवीत. त्यामुळे आजी गेली की तिची नक्षीही तिच्याबरोबर जाई. पुढे दुकानांत तयार पांघरुणे मिळू लागली. सुई धरणारे हात कमी झाले. तेव्हा काही वृद्ध स्त्रियांपुढे प्रश्न उभा राहिला : ठेव जपावयाची ती कुलपात ठेवून, की वाटून?

त्यांनी वाटण्याचा मार्ग पत्करला. घराबाहेरच्यांनाही त्या शिकवू लागल्या. होनोलुलूच्या मेआलिई कालामा या अशा नामांकित शिक्षिका होत्या. 1985 साली अमेरिकेने लोककलेसाठी त्यांचा राष्ट्रीय सन्मान केला.

आज शिकणारी मुलगी प्रथम उशीचा लहानसा अभ्राच करते. टाका वाकडा पडला तर उसवावयाचा आणि पुन्हा घालावयाचा. नक्षी कागदावर उतरवून ठेवता येते. पण टाका किती बारीक घ्यावा, दोरा किती ओढावा, हे शेजारी बसलेल्या जाणत्या हातांकडूनच कळते. ते हात आहेत तोवरच शिकून घेतले पाहिजे.

स्वाध्याय

1. हवाईतील स्त्रियांनी रजईची निराळी रीत का काढली?
2. नक्षी गुप्त ठेवल्यामुळे कोणती हानी झाली?
3. तुमच्या घरातील वडील माणसांकडून एखादे हस्तकौशल्य शिका व ते कसे शिकलात, हे दहा ओळींत लिहा.