बाणाच्या टोकाला भार किती?

ॲन आर्बर, मिशिगन
ऑगस्टअखेर

चि. मुक्ता हिस,


1 ऑक्टोबरला धनुष्याने शिकारीचा हंगाम उघडायच्या आत तुला कार्बनच्या बाणांच्या टोकाला 200 ग्रेनची भर घालायची आहे, असं तू लिहिलंस. मग हरणाच्या खांद्याचं हाड आडवं आलं तरी बाण पार होतो, असं तुला कुणी सांगितलं. सांगणाऱ्याचं अगदीच चुकलेलं नाही. पण त्याचं कंपाऊंड धनुष्य 70 पौंडांचं असणार. तुझं 45 पौंडांचं आहे आणि ड्रॉ 26 इंचांचा. त्याचा आकडा तुला जसाच्या तसा चालणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: टोकाला वजन जरूर दे, पण बेताने दे, आणि दिल्यावर तो बाण नवा समजून सगळी मापं पुन्हा घे.

आधी या वजनाने होतं काय ते बघ. बाणाला हवेत सरळ ठेवतात त्या शेपटीच्या व्हेन्स. गुरुत्वमध्य जितका पुढे, तितकी त्यांना बाण सावरायला लांब तरफ मिळते. बॅडमिंटनचं फूल कसंही मारलं तरी बुचाच्या बाजूनेच येतं, ते याच कारणाने. फील्ड पॉइंट लावून सराव करताना हा फरक फारसा जाणवत नाही. शिकारीचं स्थिर पात्यांचं ब्रॉडहेड लावलं की जाणवतो, कारण ती पाती पुढून हवा पकडतात आणि बाणाला भरकटवू बघतात. दुसरा फायदा बाण लागल्यानंतरचा. टोक अडलं आणि वजन मागे असलं, तर मागची दांडी वाकून लपलपते आणि बरीचशी ताकद त्यातच जाते. वजन पुढे असलं तर दांडी कमी वाकते.

आता तुझाच बाण घे. दोरीत अडकणाऱ्या नॉकच्या खाचेपासून दांडीच्या पुढच्या कडेपर्यंत 26 इंच, 100 ग्रेनच्या पॉइंटसह वजन 350 ग्रेन. तो बोटावर तोल, आणि खाचेपासून तोलबिंदूपर्यंतचं अंतर मोज. समज ते सव्वासोळा इंच आलं. त्यातून निम्मी लांबी, म्हणजे 13 वजा कर; उरले सव्वातीन. त्याला 26 ने भाग, की साडेबारा टक्के. यालाच इथे एफओसी म्हणतात. शिकारीच्या बाणाला 10 ते 15 टक्के हा नेहमीचा पल्ला, म्हणजे तू आत्ताच त्यात आहेस. पुढे 75 ग्रेन वाढवलेस तर हा आकडा 19 च्या आसपास जातो. 200 वाढवलेस तर 26.

पण वजन वाढलं की वेग कमी होतो. 350 ग्रेनचा बाण तुझ्या धनुष्यातून सेकंदाला 230 फुटांनी सुटत असेल, तर 425 ग्रेनचा साधारण 210 ने सुटेल. ऊर्जा जवळपास तेवढीच राहते, संवेग मात्र दहाएक टक्क्यांनी वाढतो आणि आत शिरायला तोच उपयोगी पडतो. शिवाय जड बाण धनुष्याची जास्त ताकद सोबत नेतो, त्यामुळे धनुष्याचा आवाज आणि थरथर कमी होते. हा सौदा फायद्याचा आहे. 550 ग्रेनचा बाण मात्र 190 च्याही खाली येईल. साइटच्या जुन्याच पिनने नेम धरलास तर 30 यार्डांवर 425 ग्रेनचा बाण सुमारे 6 इंच खाली लागेल, 550 चा जवळजवळ 15 इंच. पिना नव्याने लावता येतात, हे खरं. पण बाण हळू असला की दोन पिनांमधलं अंतर वाढतं आणि यार्डांचा अंदाज थोडा चुकला तरी बाण जास्त चुकतो. कमी पौंडांच्या धनुष्याला हे सोसत नाही, म्हणून तुझ्यासाठी मी 50 ते 75 ग्रेनवर थांबतो.

खरी मेख आहे स्पाइनची. दांडी 28 इंचांवरच्या दोन टेकूंवर ठेवून मधोमध 1.94 पौंडांचं वजन टांगतात. ती अर्धा इंच वाकली तर 500 स्पाइन, 0.4 इंच वाकली तर 400. आकडा लहान, दांडी ताठ. ही झाली स्थिर मोजणी. धनुष्यातून सुटताना दोरी मागून ढकलते आणि टोकाचं वजन पुढून अडून राहतं. ते वजन वाढलं की तीच दांडी जास्त वाकते. म्हणजे टोकाला भार दिलास की तुझा 500 चा बाण नरम पडतो, वाकडातिकडा सुटतो, आणि वाकडा घुसलेला बाण कितीही जड असला तरी आत जात नाही. बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात नव्या वजनाची ओळ बघ. बहुधा 400 कडे जावं लागेल. ताठ दांडी इंचागणिक थोडी जडही असते, तेव्हा टक्केवारी पुन्हा काढावी लागेल. दांडी थोडी आखूड करूनही ताठपणा मिळतो, पण तुझा ड्रॉ पूर्ण झाल्यावर टोक धनुष्यावरच्या रेस्टच्या मागे येईल इतकी कधीच कापू नकोस.

पुढच्या वजनाचा आग्रह धरणाऱ्यांमध्ये डॉ. एड ॲशबी यांचं नाव सगळे घेतात. 1980च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात त्यांनी शिकारीत लागलेल्या बाणांच्या नोंदी ठेवल्या आणि पुढे वर्षानुवर्षं ते काम चालवलं. जड हाड भेदायला बाण 650 ग्रेनचा हवा, हा आकडा त्यांचाच. पण बाण आत शिरायला काय काय लागतं याची त्यांनी जी क्रमवार यादी केली, तिच्यात पहिलं स्थान बाण न मोडण्याला आहे, दुसरं त्याच्या सरळ उड्डाणाला, आणि पुढचं वजन तिसऱ्यावर आहे. लोक तिसरं उचलतात आणि पहिली दोन सोडून देतात. तू क्रम पाळ.

आता हातातलं काम. एकदम इन्सर्ट, म्हणजे दांडीच्या तोंडात बसणारी आट्यांची नळी, चिकटवायला बसू नकोस. 125, 150, 175 ग्रेनचे फील्ड पॉइंट आण. ते आट्यांवर फिरवून लागतात, तेव्हा प्रयोग फुकटात होतो. व्हेन्स नसलेला एक बाण आणि व्हेन्स असलेले दोन, 15 यार्डांवरून सोड. तिन्ही शेजारी लागले आणि नागडा बाणही सरळ रुतला, तर ते वजन तुझ्या दांडीला मानवलं. मगच कायमचं ठरव: पितळी इन्सर्ट घ्यायचा की ब्रॉडहेडच जड घ्यायचं. पितळी इन्सर्ट 50, 75, 100 ग्रेनचे मिळतात. लांब इन्सर्टने दांडीच्या तोंडाला आतून आधार मिळतो, आणि जोराच्या धडकेत कार्बन फुटतो तो तिथेच.

कापताना मास्क लाव, कार्बनची धूळ छातीत जायला नको. आतली भिंत अल्कोहोल लावलेल्या कापसाने काळं येणं थांबेपर्यंत पूस. सावकाश सुकणारं इपॉक्सी वापर. गरम करून लावायचा डिंक वापरलासच तर आच इन्सर्टला दे, दांडीला नको. उष्णतेने कार्बनमधली राळ कमकुवत होते. मग प्रत्येक बाण फिरवून बघ, टोक डुलता कामा नये. सगळे वजन करून पाच ग्रेनच्या आतले एका गटात ठेव. शेवटी ज्या ब्रॉडहेडने शिकार करणार, त्यानेच नेम तपास. मिशिगनमध्ये ते किमान 7/8 इंच रुंद लागतं, हेही लक्षात असू दे.

आणि ते खांद्याचं हाड. ते फोडण्याची तयारी करण्यापेक्षा ते टाळण्याची सवय लाव. हरीण आडवं उभं असेल किंवा थोडं पाठमोरं तिरकं असेल, अंतर रेंजफाइंडरने मोजलेलं असेल, तर पुढच्या पायामागे फुप्फुसांवर नेम धर. समोरून येत असेल, सावध झालेलं असेल, फांदी मध्ये असेल, तर बाण सोडू नकोस. आवाज सेकंदाला सुमारे 1,100 फूट धावतो. तुझा कोणताही बाण त्याला मागे टाकणार नाही, आणि दचकलेलं हरीण बाण पोचण्याआधीच खाली वाकलेलं असतं. टोकाचं वजन हा थोड्या चुकीसाठीचा दिलासा आहे. ते आहे म्हणून नको तो बाण सोडायची मुभा मिळत नाही. पातं मात्र रोज तपास. बोथट पात्यामागे 200 ग्रेन असले तरी जनावर हालहाल होऊन मरतं.

150 आणि 175 च्या पॉइंटांनी नागडे बाण कुठे लागले ते लिहून पाठव, मग पुढच्या शनिवारी 400 च्या दांड्या घ्यायच्या का ते ठरवू.

तुझा,
मामा

ता. क. दर वेळी बाण लावण्याआधी दांडी दोन्ही हातांनी हळूच वाकवून, फिरवून बघ आणि कान दे. करकर ऐकू आली किंवा चीर दिसली, तर तो बाण तिथेच मोडून टाक. दुखावलेला कार्बन सुटताना फुटतो, आणि त्याच्या सळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.