'ताठ बस' म्हणण्यापूर्वी

वर्गात पाऊल टाकताच शिक्षकाच्या मुखातून सहज निघणारे शब्द म्हणजे 'ताठ बस'. आम्हीही ते असंख्य वेळा उच्चारले आहेत. पूर्वी ज्या शाळेत आम्ही सेवेत होतो, तेथे चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंत्राटी कामगाराचा मुलगा आमच्या वर्गात होता. अंगाने किडकिडीत, खांदे पुढे पडलेले, पाठीला बाक आणि खोकला बारमाही. आम्ही त्याला आळशी समजलो. पुढे क्षयाच्या भीतीने त्याचे अंथरूण वसतिगृहाच्या व्हरांड्यात वेगळे टाकण्यात आले, तेव्हाही आम्ही गप्प राहिलो. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागलेल्या बाल भीमरावांची हकिकत दरवर्षी 14 एप्रिलला सांगणारे आम्ही, डोळ्यांदेखत वेगळे पाडले गेलेले मूल ओळखू शकलो नाही. त्या मुलाला क्षय नव्हताच. त्याला सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक विकार होता. प्रस्तुत लेख त्या ऋणाच्या जाणिवेतून लिहीत आहोत.

विकाराचे स्वरूप

डोरोथी अँडरसन या अमेरिकन डॉक्टर विदुषीने 1938 मध्ये या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले. त्यामागील सातव्या गुणसूत्रावरील सदोष जनुक 1989 मध्ये शोधले गेले. या दोषामुळे पेशींमधून क्षार व पाणी यांची ये-जा बिघडते. फुप्फुसांतील स्राव चिकट व घट्ट होतो, त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यात नीट पोहोचत नाहीत, म्हणून मूल पोटभर जेवूनही वाळत जाते. घाम मात्र नेहमीपेक्षा खारट असतो. निदानही त्यावरूनच होते: घामातील क्लोराइड प्रतिलिटर 60 मिलिमोल किंवा त्याहून अधिक आढळल्यास हा विकार असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे क्षय किंवा दमा समजून अनेकदा वर्षे वाया जातात.

सदोष जनुक आई आणि वडील अशा दोघांकडून आले, तरच हा विकार होतो. ते दोघे स्वतः निरोगी असतात; प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न लावण्यासारख्या नात्यातील विवाहांमुळे ती जुळणी होण्याचा संभव वाढतो. म्हणून एकट्या आईला बोल लावणे हे अज्ञान आहे आणि पूर्वजन्मीच्या पापाकडे बोट दाखवणे तर बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माशी थेट विसंगत आहे.

छाती आणि पाठ

निरोगी माणूस श्वास घेतो तेव्हा श्वासपटल खाली सरकते. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे बाजूंना उचलल्या जातात, तर वरच्या बरगड्या हातपंपाच्या दांड्याप्रमाणे पुढे व वर येतात. या विकारात अरुंद झालेल्या श्वासनलिकांमागे हवा अडकून राहते. छाती फुगलेलीच राहते, श्वासपटल सपाट होते आणि त्याचा जोर कमी पडतो. मग मान व खांद्यांचे स्नायू श्वासाचे ओझे उचलतात. ते आखडतात, खांदे वर चढून पुढे येतात, पाठ वाकते. पोषण व ड जीवनसत्त्व कमी पडल्याने मणकेही दुबळे होतात. वाकलेली पाठ बरगड्यांची हालचाल आणखी रोखते, खोकल्याची ताकद घटते, कफ आतच साचतो. असे हे दुष्टचक्र आहे.

पाठीचे व छातीचे स्नायू ताणणारे आणि बळकट करणारे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली केल्यास बाक कमी होऊ शकतो आणि छाती मोकळी हलू लागते. मात्र पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर टाकता येते हा स्पायरोमेट्रीचा आकडा त्याच प्रमाणात वाढेल, असे वचन कोणी देऊ नये. रोजची कफ काढण्याची प्रक्रिया, प्रतिजैविके, पाचक कॅप्सूल व सकस आहार यांना पर्याय नाही.

शाळेने आणि घराने काय करावे

अशा मुलाला वर्गात खोकू द्यावे. कफ बाहेर पडणे त्याच्या हिताचे आहे. हा विकार सोबत्यांना लागत नाही. फक्त हाच विकार असलेली दोन मुले एकमेकांपासून दूर ठेवावीत, कारण त्यांच्यात जंतूंची देवाणघेवाण धोक्याची ठरते. उन्हाळ्यात घामावाटे मीठ फार जाते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मीठ व पाणी वाढवावे. धावणे, खेळणे बंद करू नये; त्याने कफ सुटतो. कारखान्यांच्या धुळीपासून व बिडी-सिगारेटच्या धुरापासून त्याला जपावे. आनापानाच्या वेळी भिंतीला पाठ टेकू द्यावी किंवा खुर्ची द्यावी. आनापान म्हणजे सहज येणारा-जाणारा श्वास पाहणे. तेथे सक्तीला स्थान नाही.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या आपल्या या पट्ट्यात 1954 या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि 25 डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. औषध आणि करुणा, दोन्ही आपल्या दाराशी आली. आजारी मुलाला या दोन्हींची गरज असते. तेव्हा माजी विद्यार्थी, पालक आणि शिक्षकबंधुभगिनींना आमची विनंती आहे की, वाकून बसलेले मूल दिसल्यास 'ताठ बस' म्हणण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसावे आणि 'श्वास घ्यायला त्रास होतो का?' एवढे विचारावे. आम्ही ते फार उशिरा विचारले.