दारचा गुलमोहर काढताना

पुण्यात आमच्या बंगल्याच्या आवारात सासऱ्यांनी लावलेला गुलमोहर होता. भिंतीपासून जेमतेम आठ फुटांवर, आणि वय वाढेल तसा छपराकडे कलत गेलेला. तो काढायचं ठरल्यापासून बुंधा निघेपर्यंत जे काही करावं लागलं, त्यात करवत चालण्याचा भाग सगळ्यात थोडा. पैसे लाकूड कापण्याचे जात नाहीत. कापलेलं लाकूड छपरावर, तारेवर, शेजाऱ्यांच्या गाडीवर किंवा कुणाच्या डोक्यावर येऊ नये, याचे जातात. हे एकदा डोक्यात बसलं की कुणाला बोलवायचं, काय विचारायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा नाही, ते कळत जातं. ज्यांच्या दारात असं झाड उभं आहे त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. आधी झाड तपासून घ्या, माणसं नंतर शोधा

नुसतं कललेलं झाड धोक्याचंच असतं असं नाही. कितीतरी झाडं जन्मभर तिरकी उभी असतात. बघायचं ते हे : कल अलीकडे वाढलाय का, कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचलली गेलीय का, फांदीच्या बेचक्यात चीर पडलीय का, बुडाशी बुरशी धरलीय का. आमच्या झाडाच्या बुंध्याला तपकिरी, कडेला पांढरी किनार असलेली पंख्याच्या आकाराची बुरशी आली होती, नखानेही न तुटणारी. पाहायला आलेल्या मुकादमांनी हातोडीच्या दांड्याने ठोकत खोडाभोवती एक फेरी मारली. रस्त्याकडून टणक आवाज येत होता, घराच्या बाजूने रिकाम्या पिंपासारखा. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. भराभर वाढतो, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर पसरलेली, म्हणून वळवाच्या वाऱ्यात आडवी होणाऱ्या झाडांत तो हमखास असतो. तरी प्रत्येक झाडाला करवतच लागते असं नव्हे. शेजारच्या आंब्याचा नुसता भार हलका केला, खोडाला खेटलेलं सिमेंट फोडून माती मोकळी केली आणि त्याचं निभावलं. खोडाभोवती श्वास घ्यायला जागा हवी, ही काही हळव्या मनाची कल्पना नव्हे. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिला होता.

२. जागा आपली, झाड आपलं, तरी परवानगी महापालिकेची

शहरांत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा लागू आहे. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. मोठ्या फांद्या छाटायच्या तरी अर्ज करावा लागतो. अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाकडे जातो. सोबत मालकीचा कागद, मिळकतकराची पावती, झाडाचे फोटो आणि सोसायटी असेल तर तिचं ना हरकत पत्र. मग निरीक्षक येतात, छातीच्या उंचीवर टेप लावून घेर मोजतात, फोटो काढतात. त्यानंतर झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि हरकती मागवल्या जातात.

आमची नोटीस लागल्यावर सकाळी फिरायला जाणारे एक आजोबा फाटक वाजवून जाब विचारून गेले. राग आला नाही. त्यांना आत आणून बुरशी दाखवली, खोडावर ठोकून आवाज ऐकवला. जाताना म्हणाले, "मग पावसाच्या आत करा." हरकत घेणारा माणूस वैरी नसतो, त्याला झाड जवळून दाखवलं की निम्मं काम होतं.

"परवानगीचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही काळजी करू नका," असं म्हणणारे ठेकेदार भेटतातच. त्यांनी धावपळ जरूर करावी, पण परवानगीचा कागद आपल्या नावाचा आणि आपल्या हातात असल्याशिवाय कुऱ्हाड लागू देऊ नये. गुन्हा नोंदला गेला तर मालकाला हात झटकता येत नाहीत. झाड आता कोसळेल अशी अवस्था असेल तर गोष्ट वेगळी. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करावा. गावाकडे १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे. त्याच्या यादीत साग आणि चंदन तर आहेतच, पण आंबा, फणस, चिंच, जांभूळही आहेत. परसातला फणस घरचा म्हणून कुणी परस्पर तोडायला जाऊ नये.

३. बदल्यात किती झाडं लावायची, ते आधीच विचारा

२०२१ च्या दुरुस्तीने हिशेब बदलला. तोडायच्या झाडाचं जे वय ठरेल तेवढी झाडं लावायची, असं कायदा म्हणतो. पन्नास वर्षांवरचं झाड प्राचीन वृक्ष धरलं जातं आणि त्याची कसोटी आणखी कडक. म्हणजे चाळिशीतल्या एका गुलमोहराच्या बदल्यात पुण्यातल्या प्लॉटवर चाळीस झाडं लावायची वेळ येऊ शकते. ती कुठे लावायची, किती उंचीची रोपं चालतील, किती वर्षं जगवून दाखवायची, अनामत किती भरायची आणि ती परत कधी मिळणार, हे सगळं निरीक्षक दारात उभे असतानाच विचारून घ्यावं. वय अंदाजाने ठरतं, त्यामुळे घराचं जुनं बांधकामपत्र किंवा जुना फोटो असेल तर तो पुढे करावा.

४. मुहूर्त होळीच्या अलीकडचा

मे महिन्यात आभाळ भरून आलं की सगळ्या शहराला आपापली झाडं आठवतात. झाडं तोडणाऱ्यांना तेव्हा फुरसत नसते, दर चढलेले असतात, वारा बेभरवशाचा असतो. गुलमोहराची पानं उन्हाळ्याच्या तोंडावर गळतात. तेव्हा फांद्या हलक्या आणि नजरेला मोकळ्या असतात. पावसाळ्यात साल निसरडी होते, चढणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. शिवाय कावळ्यांची घरटी पावसाच्या आधी भरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलंय. काम सुरू करण्याआधी दुर्बीण नसली तरी चालेल, पण गच्चीवरून झाड नीट न्याहाळावं : घरटं आहे का, मोहोळ आहे का, ढोलीत कुणी राहतंय का.

५. दर नव्हे, दरात काय काय येतं ते विचारा

आम्हाला आलेल्या दरांत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत जवळजवळ तिपटीचा फरक होता. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. कमी दरवाला फक्त तोडून देणार होता. फांद्या, पाला, ओंडके आवारातच पडून राहणार. दुसऱ्याच्या दरात टेम्पो होता, पण बुंधा नव्हता. तिसऱ्याने प्रत्येक गोष्ट लिहून दिली होती : माणसं किती, दोर आणि पट्टे कुणाचे, पाला कोण उचलणार, फरशी फुटली तर कोण भरणार.

लाकूड कुणाचं, हाही व्यवहाराचाच भाग. आंब्याच्या, फणसाच्या लाकडाला गिऱ्हाईक असतं आणि ठेकेदार ते मजुरीत वळते करून घ्यायला तयार होतो. गुलमोहराचं लाकूड जळणाच्या पलीकडे फारसं कामाला येत नाही, त्यामुळे तिथे सूट मागण्यात अर्थ नाही. एक प्रश्न मात्र न संकोचता विचारावा : माणसांचा अपघात विमा आहे का? नीट काम करणारा कागद दाखवतो. "आजवर काही झालं नाही" हे उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्यावा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता आवार झाडून झाल्यावरच.

६. तार दिसली की महावितरण

खांबावरून घरात येणारी वायर फांद्यांमधून गेलेली असते. बांबूने ती बाजूला सारून काम उरकायची काही जणांना सवय असते. ते होऊ देऊ नये. आधी अर्ज करून ठरल्या वेळी वीज बंद करून घ्यावी आणि वायर हलवायची तर ती त्यांच्याच माणसांनी. त्या दिवशी पाण्याची टाकी सकाळीच भरून ठेवावी.

७. शेजाऱ्यांच्या कानावर आधी घाला

फांद्या कुंपण ओळखत नाहीत. दोन दिवस आधी जाऊन सांगावं, गाड्या हलवायची विनंती करावी, त्यांच्या कुंड्या आपणच उचलून आत ठेवाव्यात. कुंपणापलीकडे माणूस उभा करायचा असेल तर तेही तेव्हाच विचारावं. कामाच्या दिवशी शेजारीण कॅमेरा घेऊन गच्चीत उभी होती; पुढे भिंतीला जुनी चीर की नवी, असा विषय निघाला तेव्हा तेच फोटो दोघींच्या उपयोगी पडले.

८. करवतीपेक्षा दोराकडे बघा

कामाच्या दिवशी सकाळी माणसं आली. बुंध्याला हळदकुंकू, उदबत्ती, एक नारळ फोडला. मग कुणी करवतीला हात लावला नाही. अर्धी सकाळ दोर बांधण्यात गेली. खोड पोकळ, म्हणून आधी दोन जाड दोर वरच्या बेचक्यात अडकवून रस्त्याकडच्या आमच्याच कडुलिंबाला ताणले. कडुलिंबाची साल सोलू नये म्हणून दोराखाली गोणपाट घातलं. झाड घराकडे जाऊ नये यासाठीची ही तजवीज.

मग एक तरुण पट्टा बांधून वर चढला. प्रत्येक फांदीला दोन ठिकाणी दोर. कापताना आधी खालच्या बाजूने लहानसा काप, मग वरून पुरा. असं केलं नाही तर फांदी आपल्या वजनाने मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत ओरबाडत नेते. दोराचं दुसरं टोक कडुलिंबाला दोन वेढे देऊन खालच्या माणसाच्या हातात. हाताएवढी जाड फांदी सुटली की दोर करकरायचा, वेढ्यांत घासून ओढ कमी व्हायची आणि फांदी सावकाश, शेंडा खाली करून अंगणात यायची. खालचा माणूस वर बघत एवढंच म्हणत होता, "सोड… धर… सोड." करवतीच्या आवाजात ते ऐकू जात नाही, म्हणून हाताची खूण ठरलेली. दोर सोडणारा माणूस अनुभवी आहे का, हे मी त्या दिवसापासून आधी पाहते.

मला वाटलं होतं खोड एकाच घावात आडवं करतील. मोकळ्या रानात तसं करतात : पडायच्या बाजूला पाचरीएवढी खाच, मागून काप, आणि मध्ये थोडं लाकूड राखून त्याच्या जोरावर झाड हवं तिकडे वळवतात. मुकादमांनी मान हलवली. "ताई, हे आतून गेलेलं आहे. राखलेलं लाकूड टिकणार नाही, हे आपलं ऐकणार नाही. तुकड्यातुकड्यानं घेऊ." दोन-दोन फुटांचे ओंडके वरून खाली येऊ लागले, अंगणात पसरलेल्या जुन्या टायरांवर. शहाबादी फरशीला चरा पडला नाही. कमरेइतक्या उंचीचा ओंडका सुटला तेव्हा आत हात घालता येईल एवढी पोकळी दिसली. विटकरी भुगा, पांढऱ्या अळ्या, आणि भोवती वीतभरसुद्धा नसलेली धड लाकडाची कड. एवढ्यावर तो उभा होता.

त्या वेळात आपण काय करायचं? मुलं, कुत्रं घरात. चहा-पाणी द्यायचं ते माणसं खाली उतरल्यावर. झाडाखाली जाऊन सूचना करायच्या नाहीत. काही सांगायचं असेल तर मुकादमांना, तेही करवत बंद असताना.

९. बुंधा हा वेगळा प्रपंच

"झाड काढून देतो" म्हणजे बहुधा जमिनीलगत कापून देतो. बुंधा उपटायचा तर वेगळी मजुरी. आमच्या फाटकातून जेसीबी आत येईना, म्हणून पहार, टिकाव आणि माणसं. एक जाड मूळ थेट ड्रेनेजच्या चेंबरखाली गेलेलं निघालं; ते ओढलं असतं तर चेंबर फुटलं असतं, म्हणून तिथेच कापून सोडलं. खणायच्या आधी पाण्याची, ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते खडूने जमिनीवर आखून द्यावं. बुंधा अडचणीचा नसेल तर जमिनीखाली वीतभर कापून वर माती ओढली तरी चालतं. घराला लागून असेल तर वाळवीवर लक्ष ठेवावं. मीठ, रॉकेल, ॲसिड ओतायचे सल्ले खूप मिळतील. त्याने बुंधा मरो न मरो, तिथली माती नक्की बिघडते. खड्डा भरताना माती थोडी उंच ठेवावी. राहिलेली मुळं कुजतात तशी ती पुढच्या पावसाळ्यांत खचते. त्यावर लगेच फरशी बसवू नये.

१०. ऊन येणार, त्याची तयारी ठेवा

पश्चिमेची खोली पहिल्याच उन्हाळ्यात तापली. सावलीत वाढलेल्या नेच्यांची पानं करपली. पडदे, जाळी, कुंड्यांची जागा हे झाड जाण्याआधीच ठरवलेलं बरं. नवं झाड लावताना घराच्या आकाराला शोभेल असं निवडावं. बहावा आणि आपल्या राज्याचं फूल असलेला तामण दोन्ही आटोपशीर, इथल्या हवेत रुळलेले. भिंतीपासून भरपूर अंतर सोडावं. रोपटं हातभर असताना ते अंतर अगदीच मोठं वाटतं, तरी सोडावं.

११. फाइल जपून ठेवा

परवानगी, अनामतीची पावती, कापण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, ठेकेदाराचा लेखी दर, लावलेल्या रोपांचे तारखेसह फोटो, सगळं एका फाइलीत. झाडं जगली का ते पाहायला माणूस येऊ शकतो आणि अनामत मागायची वेळ येते तेव्हा तोंडी सांगून भागत नाही.

आता ओळखीपाळखीतून फोन येतात, "तुमच्या त्या झाड तोडणाऱ्यांचा नंबर द्या ना." नंबर मी देते, पण आधी दोन गोष्टी विचारते : बुंध्यावर ठोकून पाहिलं का, आणि अर्ज केला का? पहिल्या प्रश्नावरच बऱ्याच जणांना छाटणीवाला पुरतो.