वाफा, रोप आणि लाइपझिगची मुले



आपल्या वर्गाच्या रोपवाटपाचे हे दुसरे वर्ष. प्रत्येक घराने एकाच भाजीची रोपे करायची, दोन स्वतःला ठेवायची आणि बाकीची वर्गात आणायची. आमच्याकडे यंदाही टोमॅटोच आहे, त्यामुळे घरात जरा धाकधूक आहे. का, ते पुढे सांगतो.

ही कल्पना जर्मनीत जुनीच आहे. १८६४ साली लाइपझिगमध्ये हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी पालक-शिक्षकांचा एक संघ काढला आणि त्याला दिवंगत डॉक्टर श्रेबर यांचे नाव दिले. हेतू बागेचा नव्हताच, शहरातल्या मुलांना खेळायला मैदान हवे होते. पुढे गेझेल या शिक्षकांनी मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुलांनी पेरले, पाणी घातले आणि थोड्याच दिवसांत ती कंटाळली! तण माजले. शेवटी आईवडिलांनीच खुरपी हातात घेतली, वाफ्यांना कुंपणे आली आणि त्यांच्या बागा झाल्या. रेल्वेच्या खिडकीतून दिसणारे श्रेबरगार्टन ते हेच. डॉ. श्रेबर मात्र १८६१ मध्येच वारले होते, त्यांनी यातली एकही बाग पाहिली नाही. या बागांना आज १९८३ चा कायदा लागू आहे: जागा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी, खोपटे २४ पेक्षा मोठे नसावे.

आता भाषेकडे वळू. आपली मुले सगळ्यालाच 'लावणे' म्हणतात. पण मेथी आपण पेरतो, म्हणजे बी वाफ्यात पसरतो. भोपळ्याचे बी टोकतो, म्हणजे बोटाने खळगा करून एकेक घालतो. टोमॅटोचे मात्र रोप लावतो. बी आधी रुजते, मग उगवते. लावलेल्या रोपाने नव्या मातीत मूळ धरले की आजी म्हणते, "रोप लागलं!" आपण लावतो, ते लागते. एका अक्षराचा फरक, पण पहिले काम आपले आणि दुसरे रोपाचे.

मागच्या वर्षी आमची रोपे लागलीच नाहीत. मेच्या सुरुवातीला छान ऊन पडले म्हणून मी वर्गासाठीची सगळी रोपे बाल्कनीत ठेवली. एका रात्रीत थंडीने ती काळी पडली. शेजारच्या आजी एवढेच म्हणाल्या, "आइसहायलिगे!" ११ ते १५ मे हे इथले थंडीचे संतदिवस. शेवटचा दिवस 'थंड सोफी'चा, तो उलटल्याशिवाय जुने माळी टोमॅटो बाहेर काढत नाहीत. दुसऱ्या दोन घरांनी आपापल्या वाट्यातली रोपे दिली, म्हणून वाटप झाले. आमच्या मुलीने त्यांना चिठ्ठी लिहिली, मी नुसताच मान खाली घालून उभा होतो.

यंदा संगणकवाल्यांच्या सवयीप्रमाणे उलटे मोजले. १५ मेच्या आठ आठवडे आधी, म्हणजे २० मार्चला, बी खिडकीतल्या कुंडीत घातले. मेथी आणि कोथिंबिरीला एवढी घाई नको, त्या थेट वाफ्यातच पेराव्यात. कोथिंबिरीचे धणे चोळून दोन फाका करायला विसरू नका. जूनच्या लांबच लांब दिवसांत ती लवकर फुलावर येते, म्हणून दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी.

गृहपाठ: पेरणे, टोकणे, लावणे, लागणे, रुजणे यांचे प्रत्येकी एक वाक्य लिहा. रोपे १५ मेनंतरच्या पहिल्या वर्गाला दह्याच्या रिकाम्या डब्यात आणावीत, तळाला भोक पाडून. डब्यावर रोपाचे आणि आपले नाव देवनागरीत, मुलांनीच लिहावे.