मुलांच्या कॅन्सरवर पीएचडी, तीही संगणकावर: आधी काय तपासाल?

बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलेल्या मुलांच्या घरी एक प्रश्न ठरलेला असतो. ‘नीट द्यायची नाही, नुसतं इंजिनीअरिंगही नको, मग करणार काय?’ कॉम्प्युटेशनल बायोलॉजी, म्हणजे संगणकाच्या मदतीने जीवशास्त्राचा अभ्यास, हे त्यावरचं एक चांगलं उत्तर आहे आणि लहान मुलांचा कॅन्सर हे त्यातलं निकडीचं क्षेत्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे.

काम नेमकं काय?

मेड्युलोब्लास्टोमा ही मुलांच्या लहान मेंदूतली गाठ. सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा सारख्या दिसणाऱ्या या गाठी जनुकांच्या पातळीवर चार मुख्य गटांत मोडतात: डब्ल्यूएनटी, एसएचएच, ग्रुप ३ आणि ग्रुप ४. डब्ल्यूएनटी गटातली बहुतेक मुलं बरी होतात, ग्रुप ३ मधल्या अनेकांचा आजार उलटतो. हे गट मुळात शोधायला हजारो जनुकांचे आकडे एकत्र वाचावे लागले. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये निवडक जनुकं आणि मायक्रोआरएनए मोजून, साठवणीतल्या गाठीच्या तुकड्यावरूनही गट सांगणारी चाचणी प्रसिद्ध केली. जर्मनीत हायडेलबर्गच्या गटाने २०१८ मध्ये मेंदूच्या गाठींचं मशीन लर्निंगने वर्गीकरण केलं. नव्या १,१०४ गाठींवर ते वापरून पाहिलं, तेव्हा सुमारे १२ टक्के रुग्णांचं निदानच बदललं.

संगणक पुरतो, रुग्ण पुरत नाहीत

मुलांचे कॅन्सर दुर्मिळ असल्याने तक्त्यात २० हजार जनुकांच्या ओळी असतात आणि रुग्णांचे रकाने जेमतेम शंभर. एवढ्या ओळींत योगायोगाने जुळणारं काहीतरी सापडतंच. त्यात निम्मे नमुने एका हॉस्पिटलचे आणि निम्मे दुसऱ्याचे असले, तर आलेखावर दोन सुबक पुंजके दिसतात. विद्यार्थी हरखून जातो आणि आठवड्याभराने कळतं, की तो फरक आजाराचा नव्हता, दोन प्रयोगशाळांचा होता. म्हणून या क्षेत्रात कोडिंगपेक्षा संख्याशास्त्राची पकड जास्त कामाला येते.

आणि गट ओळखला म्हणजे उपचार ठरले असंही नाही. टाटा मेमोरियलमध्ये डब्ल्यूएनटी गटातल्या मुलांना संपूर्ण मेंदू-मणक्याऐवजी फक्त गाठीच्या जागेपुरतं रेडिएशन देऊन पाहण्यात आलं. आजार मज्जासंस्थेत दुसरीकडे उलटल्याने ती चाचणी लवकर थांबवावी लागली. आलेखावरचं अनुमान शेवटी खाटेवरच्या मुलापर्यंत जातं, ही जबाबदारी पेलणार असाल तरच इकडे या.

संस्थेच्या नावाआधी विचारायचे प्रश्न

प्रवेशाच्या मुलाखतीत विद्यार्थ्यानेही विचारावं. नमुने कुठून येतात? हॉस्पिटलशी करार आणि एथिक्स कमिटीची मंजुरी झालेली आहे का? रुग्णाचं पुढे काय झालं याची नोंद मिळते का? निष्कर्ष पडताळायला वेट लॅब, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगांची प्रयोगशाळा, कोणाची? गाइडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली आणि ते आता कुठे आहेत? संस्था नामवंत असली तरी नमुन्यांची वाट बघत दोन वर्षं गेली, तर त्या नावाचा काही उपयोग नाही.

वाट कशी?

बीएस्सी, बीटेक किंवा आयसरची बीएस-एमएस, कोणत्याही दाराने येता येतं. संख्याशास्त्राचे विद्यार्थीही चालतात, फक्त जीवशास्त्र नेटाने शिकायची तयारी हवी. पुणे विद्यापीठाचं बायोइन्फॉर्मेटिक्स केंद्र १९८७ पासूनचं आहे. तिथे एमएस्सी करता येते. पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट, डीबीटीची बेट आणि गेट या परीक्षा उपयोगी पडतात, संस्थांच्या स्वतःच्या परीक्षाही असतात. ॲक्ट्रेकची पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची असते. परदेशात हायडेलबर्ग, उट्रेख्टचं प्रिन्सेस मॅक्सिमा सेंटर, मेम्फिसचं सेंट ज्यूड ही या विषयातली मोठी ठिकाणं. युरोपात बहुधा आधी एमएस्सी लागते आणि पीएचडी पगारी असते.

पालकांसाठी

पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, पण त्यांचा खर्च सहसा घरावर येत नाही. केंद्राच्या जेआरएफला (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला (वरिष्ठ शिष्यवृत्ती) ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. मुंबईत त्यात चैन होत नाही, पण भागतं. प्राध्यापकाच्या कायम जागा कमी आहेत, हे गृहीत धरूनच चाला. मात्र हीच कौशल्यं औषध कंपन्यांत, जनुकीय चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांत आणि हॉस्पिटलच्या निदान विभागात लागतात.

एक गोष्ट मात्र घरात मोकळेपणाने बोला. रुग्णांच्या नोंदींच्या तक्त्यात ‘वय’ या रकान्याखाली ३, ५, ७ असे आकडे असतात आणि काही ओळींत पुढे ‘मृत्यू’ लिहिलेलं असतं. काहींना ते रोज पाहणं झेपत नाही. त्यात कमीपणा नाही.

आधी हात घालून पाहा

एका सुट्टीत आर किंवा पायथनची तोंडओळख करून घ्या. मग जीन एक्सप्रेशन ऑम्निबस या खुल्या संग्रहातून जीएसई ८५२१७ हा संच उतरवा. त्यात ७६३ मेड्युलोब्लास्टोमा गाठींची माहिती आहे, तीही फुकट. गटांची नावं झाकून ठेवा आणि चार गट स्वतः वेगळे करता येतात का ते पाहा. काही गाठी, विशेषतः ग्रुप ३ आणि ४ च्या सीमेवरच्या, धड इकडे बसणार नाहीत, धड तिकडे. त्या का बसत नाहीत हे शोधताना जेवायची वेळ टळून गेली, तर अर्ज भरा. कंटाळा आला, तर पाच वर्षं वाचली असं समजा.