आसन येतं, पण कॅमेऱ्यासमोर बोबडी वळते?

'मुलगी आसनं उत्तम करते, पण मोबाइल समोर आला की गप्प होते. ऑनलाइन वर्ग कसे घेणार?' असं विचारणाऱ्या पालकांना माझं सांगणं असतं की, तिला धीट करायच्या मागे लागू नका. सूचना द्यायला शिकू द्या. कॅमेऱ्याची भीती बहुतेकदा 'आता पुढे काय बोलू?' याची भीती असते.

योगगुरू टी. कृष्णमाचार्य आणि त्यांचे तरुण शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांची १९३८ची आसनांची चित्रफीत मूक आहे. तिथं नुसतं शरीर बोललं तरी चाललं. आजच्या ऑनलाइन शिक्षकाचं तसं नाही. वर्गात हात धरून खांदा सरळ करता येतो, पडद्यावर ते काम शब्दांनाच करावं लागतं.

म्हणून सराव घरातच करा. बाबांना पडद्याकडे पाठ करून उभं करा आणि मुलीनं फक्त बोलून त्यांच्याकडून वीरभद्रासन करून घ्यावं. बाबा चुकले, तर वाक्य चुकलं. 'पाय नीट ठेवा' यातून काहीच कळत नाही. 'उजवा गुडघा टाचेच्या बरोबर वर आणा' म्हटलं की कळतं. शिकवणाऱ्यानं सगळी आसनं स्वतः करत बसू नये. धाप लागलेल्या आवाजात श्वासाच्या सूचना कोण ऐकणार?

डाव्या-उजव्याचा घोळ मात्र हमखास होतो. समोर तोंड करून शिकवताना 'उजवा पाय' म्हणायचं आणि स्वतःचा डावा हलवायचा, म्हणजे बघणाऱ्याला आरशासारखं अनुकरण करता येतं. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. पश्चिमोत्तानासन कॅमेऱ्याला बाजू करून बसूनच दाखवावं, समोरून ते कळत नाही. मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवा, खिडकी पाठीमागे नको, साधा कॉलर माइक घ्या. वर्ग चालू असताना स्वतःचं चित्र लपवून ठेवा, नाहीतर सगळं लक्ष केसांकडे जातं.

अर्थात आधी शिक्षण हवं. मुंबईतल्या सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट (स्थापना १९१८) आणि लोणावळ्याचं कैवल्यधाम (स्थापना १९२४) इथं शिक्षकांसाठी अभ्यासक्रम आहेत. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षाही देता येते. माझ्या मते काही महिने प्रत्यक्ष वर्ग घेतल्याशिवाय ऑनलाइनकडे वळूच नये. समोरच्याला रक्तदाब आहे का, पाठीचं दुखणं आहे का, हे विचारायची सवय तिथंच लागते.

आणि पहिली चित्रफीत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तिथं 'छान!' खूप मिळतात, पण गुडघा कुठं चुकला ते कुणी सांगत नाही. ती तिच्या शिक्षकांना पाठवा.