वळवाआधी सोलरच्या स्टँडचे नट तपासा

सोलरच्या प्लेटा किती वर्षं टिकतात, हा प्रश्न सध्या शिवारात सगळीकडे विचारला जातोय. पंचवीस वर्षं. दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का ताकद कमी होते, एवढंच. स्वित्झर्लंडमध्ये लुगानोला १९८२ साली बसवलेल्या प्लेटा पस्तीस वर्षांनी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक प्लेटा मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त वीज देत होत्या. तेव्हा काचेची काळजी सोडा. स्टँडचे नट शेवटचे कधी आवळले, ते सांगा. या प्रश्नावर बहुतेक जण कंपनीकडे बोट दाखवतात.

एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस. दुपारी चारपर्यंत पान हलत नाही आणि साडेचारला धुळीचा लोट उठतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हा हिशोब एकदा डोक्यात बसवून घ्या. ताशी पन्नास किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर साधारण बारा किलोचा दाब येतो, शंभरच्या वाऱ्यात सत्तेचाळीस किलोचा. आजची मोठी प्लेट अडीच चौरस मीटरची आणि वजनाला अठ्ठावीस-तीस किलो. वारा पाठीमागून, म्हणजे खालून शिरला, तर ती उचलायला त्याला कष्ट पडत नाहीत. सरकारी सौर पंप योजनेतलं स्टँड ताशी दीडशे किलोमीटरचा वारा सोसेल असंच असायला हवं. पण ते सगळे नट जागेवर आणि घट्ट असतील तर.

ते तसे नसतात. माण तालुक्यात एका शेतात उताण्या पडलेल्या प्लेटा पाहायला गेलो होतो. मालक पावसाला आणि नशिबाला दोष देत होता. खांब सरळ उभा होता, काँक्रीटला तडा नव्हता. आडव्या अँगलला जिथे चार बोल्ट हवेत तिथे दोन सापडले, आणि त्या दोन्हींनाही स्प्रिंग वॉशर नव्हते. एक बोल्ट नांगराला लावलाय, असं घरातल्या पोराने सांगून टाकलं. सहा-सात महिने वाऱ्याने थरथरून बाकीचे सैल झाले आणि एका संध्याकाळी सगळा सांगाडा आडवा.

म्हणून या आठवड्यातच पान्हा घेऊन उभे राहा. प्लेटेच्या क्लॅम्पपासून खांबाच्या पायापर्यंत प्रत्येक नट हाताखालून जाऊ द्या. घट्ट म्हणजे पिळून नव्हे. क्लॅम्प जास्त आवळला की फ्रेम वाकते आणि काचेवर ताण येतो. आवळून झाल्यावर नट आणि बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरला, लांबूनच कळेल. गंजलेला बोल्ट तेल घालून वाचवू नका, बदला. दिवसातून दोन-तीनदा हाताने दिशा बदलायचं स्टँड असेल, तर आभाळ भरताच प्लेटा आडव्या करून पिन लावा. पिन हरवली म्हणून बाइंडिंग वायर गुंडाळणारे मी पाहिलेत. ती वायर वाऱ्याला धाग्यासारखी.

याहून संताप आणणारी गोष्ट म्हणजे स्टँडचा मांडव करणं. गुरांना सावली हवी म्हणून बाजूला पत्रे ठोकायचे, नाहीतर शेडनेटची दोरी खांबाला बांधायची. तो खांब प्लेटांच्या हिशोबाने पुरलेला आहे. त्यावर शेडनेट चढवलं की गलबताला शीड लावल्यासारखं होतं. आजच सोडा. आणि विजा कडकडायला लागल्यावर प्लेटांखाली आडोशाला उभं राहू नका. अर्थिंग लावलेलं आहे, ही सबब चालणार नाही. तसंही उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडलेला असतो, त्यात पाणी घालायची आठवण कुणाला राहत नाही.

धुण्याबद्दल थोडक्यात. सकाळी प्लेट थंड असताना गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायची. बोअरचं क्षारयुक्त पाणी भर दुपारी मारलं की पांढरे डाग बसतात आणि तापलेल्या काचेला झटका बसतो तो वेगळाच. यावर राख, डिटर्जंट, तारेचा घासणा, आणि धूळ चिकटू नये म्हणून डिझेलचा हात! डिझेलवर धूळ उलट जास्त बसते, इतकं तरी पटायला हरकत नाही. गारांची भीती असेल, तर त्या काचेची चाचणी पंचवीस मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने घेतलेली असते. हरभऱ्याएवढ्या गारेने तिला काही होत नाही. पण वर चढून पाय दिलात, तर आतल्या सेलला न दिसणारी चीर जाते.

पंपाचं पाणी कमी आलं की दोषही प्लेटेलाच. एकाने दोन प्लेटा जास्तीच्या विकत घेऊन जोडल्या आणि पंपाचा कंट्रोलर घालवला. बोअरची पातळी खाली गेली होती, तपासायला दोरी आणि दगड पुरला असता. दुसऱ्या एका ठिकाणी उंदरांनी केबल कुरतडली होती.

आता वादळात काही पडलंच तर. फुटलेली प्लेटही ऊन असेपर्यंत वीज तयार करते आणि जोडलेल्या ओळीत काहीशे व्होल्ट असतात. आधी कंट्रोलरचा स्विच बंद करा, कनेक्टर हाताने ओढू नका, ओल्या जमिनीवरून जवळ जाऊ नका, पोरांना लांब ठेवा. काही न हलवता सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि त्याच दिवशी पुरवठादाराकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. पंप बसवल्याची तारीख आणि प्लेटांच्या मागचे नंबर मात्र वारा सुटायच्या आधीच वहीत उतरवून ठेवा. पडलेल्या ढिगात ते वाचता येत नाहीत.